पांडूतात्याचा वाघ

वाघबारशीला आमच्या शेणवे गावात वेशीवरच्या वाघोबाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. गेल्या वर्षी पांडूतात्याने हे सगळं मोबाइललाही केलं. पडद्यावर वाघाची इमोजी काढून मोबाइल देवाशेजारी ठेवला, वर बोटभर शेंदूर, त्यावर नारळाचं पाणी. "आतला वाघ बी वाघच ना," म्हणाला.

तात्या माझा शेजारी, घरात एकटा. अक्षरओळख नाही, पण इमोजींचा गाढा पंडित. इमोजी जपानात निघाल्या, असं मी एकदा बोलून गेलो. आठवडाभर अबोला. नंतर म्हणाला, "आमच्या बायका लग्नात भिंतीवर चौक लिवतात. सूर्य, चांद, घोडा, फणी, सगला त्यात. जपानवाले आपल्याच भिंती बघून गेले, मास्तर."

कोरा निरोप त्याला खपत नसे. गावच्या ग्रुपवर मी काही लिहिलं की हा दारात हजर. "याला तोंड कुठंय? तुमी हसून सांगताय का रडून?" नळाला पाणी नाही एवढं कळवायलाही मला रडकं तोंड जोडावं लागे.

तर त्या नारळाच्या पाण्याने मोबाइल बिघडला, आणि नेमका असा की पडद्यावर चारच जागा जिवंत राहिल्या: फोन उचलायची, निरोप कुणाला ते निवडायची, पाठवायची आणि वाघ. सरपंचांच्या वाढदिवसाला वाघ. कुणाच्या दहाव्याला वाघ. वनखात्याचा माणूस दोन खेपा मारून गेला. ग्रुपचा अॅडमिन मी, त्यामुळे बोलणी मलाच. शेवटी वैतागून मीच तो मोबाइल शहापूरला नेऊन दुरुस्त करून आणला. तात्या नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

महिनाभर तात्या ग्रुपवर फिरकला नाही. मग एका दुपारी माझ्या ओटीवर येऊन बसला.

"मास्तर, परत बिघडवता येल का?"

मी हसलो. तो हसला नाही.

त्याची एकुलती एक लेक संगी वाशिंदला दिलेली, कारखान्यात कामाला जाते. तिला तो रोज फूल पाठवी, हसरं तोंड पाठवी. तिकडून अंगठा येई. वाघ जायला लागले तसा तिला अर्थ लागेना, म्हणून ती विचारायला फोन करू लागली. रोज संध्याकाळी. मोबाइल दुरुस्त झाला आणि पुन्हा अंगठा सुरू.

"मग मुद्दाम वाघच पाठव की," मी म्हटलं.

"नाय. ती लबाडी. देव हाय तो."

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं मोबाइल घेऊन वेशीवर गेलो. वाघबारस लांब होती, देवाने समजून घ्यावं. शेंदूर त्याने लावला. नारळ मी फोडला, पाणी नीट आत जाईल असा धरून.

संध्याकाळी ग्रुपवर वाघ आला. कुणी सांगायच्या आत मी त्याला हसरं तोंड जोडलं. थोड्या वेळाने शेजारच्या ओटीवरून आवाज आला.

"बरा हाय गो. बिघडलाय परत, काय करू? तू जेवलीस का?"