बाबांनी ठोठावलेला चहा

"सहा महिन्यांत सूनबाई तुझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलेल," असं निवृत्त न्यायाधीशांनी बायकोला ठणकावून सांगितलं. सून परभाषेतली. ती घरात आली तेव्हा तिला मराठी जेमतेम कळायचं आणि सासरे तर मराठीतही मोजून-मापून बोलणारे. दोघांचं नातं मान हलवण्यापुरतंच उरलं होतं. ते बाबांना आतून खात होतं, म्हणून ही शिकवणी.

एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना सून अडली. "बाबा, ठोठावणे म्हणजे?"

"न्यायाधीशाने एखाद्याला देणे."

काय देणे, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. उभ्या नोकरीत त्यांनी शिक्षेशिवाय दुसरं काही दिलंच नव्हतं.

सुनेने खूणगाठ बांधली. शेजारच्या काकूंना ती कौतुकाने म्हणाली, "बाबांनी आज मला चहा ठोठावला." काकूंना वाटलं, आपले कान गेले. पुढे बाबांनी तिला छत्री ठोठावली, मग शाल. आणि एके दिवशी ती हसतमुखाने म्हणाली, "काल बाबांनी मला दोन ठोठावल्या."

काकू पायात चप्पल न घालताच बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, परक्या घरची पोर ती. तिला दोन ठोठावल्यात म्हणे?"

बाबांच्या हातातला पेपर गळाला. "मी?"

"उशा," मागून धावत आलेली सून म्हणाली. "मऊ होत्या."

सगळा उलगडा झाला आणि कधी न हसणारे बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकू हसल्या, सासूबाई हसल्या. सुनेचं तोंड मात्र एवढंसं झालं. ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

बाबांचं हसू विरलं. थोडा वेळ ते येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

"कोण?"

"मी. त्या शब्दाचा एक अर्थ सांगायचा राहिला. आत्ता दारावर केलं, तेही ठोठावणंच. माझ्या नोकरीत या अर्थाची कधी गरज पडली नाही." ते घुटमळले. "मी हसायला नको होतं, पोरी. शिकवणारा चुकला."

कडी निघाली. सुनेने डोळे पुसले आणि जुळवून जुळवून विचारलं, "बाबा, तुम्ही तुमचा मुलगा मला दिला. तो दिला, की ठोठावला?"

बाबांनी तिच्या खांद्यावरून खोलीत पाहिलं. पलंगावर चिरंजीवांचा ओला टॉवेल, उशीवर एक मोजा, दुसऱ्याचा पत्ता नाही.

"ठोठावला," बाबा म्हणाले.