शेवटच्या बांधीचं पाणी

दौलतजी मला वर्तमानपत्रातला गुणतक्ता खालून वर वाचायला लावायचे. कबड्डी असो की क्रिकेट, पहिला कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. "गुरुजी, बुडाशी कोन आहे तेवढं सांगा. वरचा आपलं पाहून घेते."

ते आमच्या गावतळ्याचे पाणकर. धानाला तळ्याचं पाणी कोणाला कधी सोडायचं, हे पाणकरच ठरवणार. आणि आमच्याकडची रीत अशी, की तळ्यापासून सगळ्यांत लांबच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी आधी. जवळच्याचं आधी भरलं, की लांबचा कोरडा राहतो. मग समोर पाटील असो की आमदाराचा मेहुणा, दौलतजींचं उत्तर ठरलेलं, "थांबा जी. आधी शेवटची बांधी." माणूस महा तिरसट, पण त्यांच्या हातून कोणाचं धान वाळलं नाही.

संध्याकाळी मात्र ते शाळेच्या मैदानामागच्या आंब्यांत घोटाळत दिसायचे. विचारलं तर म्हणायचे, "गाय शोधून राहिलो." त्यांच्याकडे गाय नव्हती. पाणकर आहे, असेल काही खूळ, म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

त्यांची लेक ममता मुलींच्या फुटबॉलच्या भारतीय संघात निवडली गेली, तेव्हा गावाची छाती फुगली. कापणी झालेल्या बांध्यांत आणि शाळेच्या मैदानावर अनवाणी खेळलेली पोर परदेशात खेळणार होती. टीव्ही माझा मोठा, म्हणून सगळे माझ्याकडे जमले. गटात चार संघ, प्रत्येकाला तीन सामने, हे मी दौलतजींना समजावलं. ते खूश झाले.

"म्हंजे हारला तरी त्याले पानी भेटतेच. शहान्या मानसानं बनवलं."

पहिला सामना आपण हरलो. दुसराही हरलो आणि तक्त्यात तळाला गेलो. दोन्ही वेळा ममता बाकावरच. दौलतजी टीव्हीतल्या प्रशिक्षक बाईंवर खेकसले, "बाई, त्या कोपऱ्यातलीले सोडा ना. काऊन कोरडी ठेवता?"

तिसऱ्या सामन्याला आता काही अर्थ नाही, असं टीव्हीवाला म्हणाला. माझ्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सामना अर्धा झाला असेल, तोच शेवटच्या बांधीवाला नामदेव खांद्यावर फावडं घेऊन पाण्यासाठी बोलवायला आला.

"आज नाही सुटत," दौलतजी म्हणाले. असं ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असावेत. नामदेव भांडणारच होता, तेवढ्यात मैदानाच्या कडेला ममता बुटाच्या नाड्या आवळताना दिसली. फावडं दाराशी टेकवून तोही बसला.

ममता मैदानात उतरली आणि दौलतजी उठून दाराआड गेले.

"आता कायले उठले?" नामदेवनं विचारलं.

"मी दिसलो तं तिचं ध्यान माह्याकडे येते. म्हून मी तिले आंब्यामागूनच पाहिलं आजवर."

ती गाय कोणती, ते मला तेव्हा कळलं.

शेवटच्या मिनिटाला गोलात शिरणारा चेंडू ममतानं रेषेवरून लाथाडला. माझं छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. तरी एका गोलानं आपण हरलो. शिट्टी वाजली. बाकीच्या पोरी खाली बसल्या. ममता एकटी उभी राहून प्रेक्षकांत कोणाला तरी शोधत होती.

दौलतजी दाराआडून बाहेर आले आणि थेट टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले.

"आहो ना बाई," ते म्हणाले. "इथंच आहो."

आम्हाला टीव्ही दिसेनासा झाला, पण बाजूला व्हा असं कोणी म्हणालं नाही.