बिनखमिराचे सहा आठवडे

माणसानं बायकोला धीर जरूर द्यावा, पण देण्याआधी वाक्य एकदा तपासून घ्यावं. "घाबरू नको केसर, उद्यापासून स्वयंपाक माझ्याकडं," असं मी दवाखान्याच्या पायरीवरच बोलून गेलो. पुढचं सगळं त्या एका वाक्यानं केलं.

झालं होतं असं, की केसरच्या जिभेवर पांढरे चट्टे आले होते आणि पोट कायम फुगलेलं असायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "यीस्ट वाढलंय."

"वाढणारच," मी म्हणालो, "आमच्या घराचं दारच ईस्टला आहे."

त्यानंतर बाई फक्त केसरशी बोलल्या. सहा आठवडे साखर-गूळ बंद. पाव, खारी, टोस्ट बंद. इडली, ढोकळा, आंबलेलं, खमीर आलेलं सगळं बंद. मुरलेलं लोणचंसुद्धा बंद.

मी वाळूजच्या एका कारखान्यात प्लॅनिंगचा क्लार्क. कुठला पार्ट कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर लागणार याचे तक्ते करतो. (पार्ट वेळेवर लागत नाहीत, पण तक्ता देखणा असतो.) दोन्ही पोरी शाळेत गेल्यावर बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून तसाच एक तक्ता आखला. आडवे सात वार, उभी न्याहारी, दुपार आणि रात्र. अट एकच, आठवड्यात कुठलाही पदार्थ दोनदा यायचा नाही. एकवीस चौकोन झाले. तासाभरात त्यातले चार भरले: पिठलं, पातळ पिठलं, कोरडं पिठलं आणि एक प्रश्नचिन्ह.

तेवढ्यात फुलंब्रीहून सासूबाई आल्या. गोजरबाई. लेक आजारी म्हटल्यावर पहिल्या एसटीनं निघाल्या होत्या.

"जावईबापू, हे काय लिवलंय?"

"पथ्य आहे, आत्याबाई. खमीर चालत नाही."

"मंग खमिराबिगर काय कमी हाय व्हय? लिवा. बाजरीची भाकर अन् तिळाची चटणी. ज्वारीचं थालपीट. शेपू, मुगाची डाळ घालून. उडदाचं घुटं. हरभऱ्याची कवळी भाजी. वांग्याचं भरीत, पर वांगं निखाऱ्यावर भाजायचं, नायतर खाऊ नका. आंड्याचा रस्सा. ऐतवारी मटन, खोबरं-लसणाचं वाटण घालून."

माझं पेन पुरेना. "आत्याबाई, हे पथ्य आहे की सण?"

"आजारी माणसाचं त्वांड आधीच उतरल्यालं असतं. त्याला ताटात बी उतरल्यालंच द्यावं का?"

एकवीस चौकोन भरून वर हुरडा उरला. तोही डॉक्टरीणबाईंना विचारून बसवला. तक्ता भिंतीवर लागला, आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी परत गेल्या. तिथून खरी अडचण सुरू झाली, कारण तक्त्याला भाकरी थापता येत नाही.

माझी पहिली भाकरी वैजापूर तालुक्याच्या नकाशासारखी झाली. केसरनं ती निमूटपणे खाल्ली. भरीत करताना मिशीची एक बाजू जळाली. (दुसरी मी समतोलासाठी कापली.) शनिवारच्या चौकोनात मुगाचं धिरडं होतं. डाळ आदल्या दिवशीच वाटून ठेवली, आणि पिठाला थंडी बाधू नये म्हणून पातेल्याला माझा स्वेटर गुंडाळला. सकाळी पाहतो तर पीठ झाकण ढकलून स्वेटरच्या गळ्यातून बाहेर आलेलं. त्या थंडीत आख्ख्या बजाजनगरात कुणाच्या इडलीचं पीठ फुगलं नसेल. जिथं फुगायला सक्त मनाई, तिथं ते फुगलं!

केसर पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आजारपणात ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी स्वेटरबद्दल काही बोललो नाही. पीठ शेजारच्या म्हाळसाबाई घेऊन गेल्या. त्यांच्या घरी त्या दिवशी सगळ्यांनी डोसे खाल्ले आणि माझं कौतुक केलं.

जानेवारीच्या चार तारखेला केसर तपासणीला एकटीच गेली. मला रजा नव्हती. "काय म्हणाल्या?" संध्याकाळी विचारलं.

"बरं चाललंय म्हणाल्या," ती म्हणाली, आणि तक्त्याकडं बघून, "आज घुटं हाय ना?"

मी पदर खोचल्यासारखा टॉवेल खोचला.

आणि मग विद्यापीठाच्या नामांतराची बातमी कानावर यायला लागली. आता होणार, नक्की होणार. केसर रेडिओपासून हलेना. इथं एक गोष्ट सांगायला हवी. एकोणऐंशी साली अठरा वर्षांची केसर फुलंब्रीच्या बायांबरोबर सत्याग्रहाला आली होती. चार दिवस हर्सूलच्या जेलात होती. त्याच्या आदल्या वर्षीच्या दंगलीत त्यांच्या नात्यातल्या एका घराचं जे झालं, ते ती अजून सांगत नाही. जेलातून सुटताना कुणीतरी पेढे वाटले, तेव्हा तिनं हात मागं घेतला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागेल, त्या दिवशीच पेढा खाईन, म्हणाली. आमच्या लग्नात तिनं पेढा खाल्ला नाही. दोन्ही पोरी झाल्या तेव्हाही नाही.

चौदा जानेवारी उजाडली आणि बातमी आली. गल्लीत फटाके, निळा गुलाल, बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतायत. सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या होत्या. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला निघालेल्या म्हाळसाबाई वाटी हातात तशीच धरून गर्दीत थांबल्या. मी आत वांगं भाजत होतो.

बाहेर येऊन पाहतो तर सासूबाईंनी केसरच्या हातावर पेढा ठेवलेला, आणि केसरचा हात तोंडाजवळ पोचलेला.

"थांब! साखर!" मी ओरडलो. "अजून सात दिवस आहेत!"

झेप घेऊन मी पेढा हिसकावला. माझ्या दुसऱ्या हातात जळकं वांगं होतं. पेढा ठेवायला जागा दिसेना, म्हणून मी तो तोंडात टाकला.



"अवो रामकिसनभाऊ," म्हाळसाबाई म्हणाल्या, "बाईनं पंधरा वर्सं वाट पाह्यली, अन् पेढा तुमच्या तोंडात?"

मला गिळवेना आणि थुंकवेना. केसर मात्र शांत होती. तिनं दोन्ही गाल पुसले.

"चार तारखेलाच पथ्य सुटलंय," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सगळं खा, बेतानं."

"दहा दिवस झाले? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तवा सोडला असता." ती माझ्या बाहीला लागलेलं पीठ झटकायला लागली. "लग्न झाल्यापासून सगळ्यांचं उरकल्यावर जेवते मी. पहिल्यांदाच कुणीतरी तव्यावरची भाकर माझ्या ताटात टाकत होतं. म्हटलं, चाललंय तर चालू द्यावं जरा."

मी तोंडातला पेढा एकदाचा गिळला. (चांगला होता.) सासूबाईंकडं पाहिलं. त्या पुड्याची गाठ निरखत होत्या, म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

केसरनं पुड्यातून दुसरा पेढा उचलला. डोळे मिटून, सावकाश, अगदी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मी धीर करून जवळ गेलो आणि हळूच विचारलं, "केसर, एवढी चांगली होते का गं माझी भाकरी?"

तिनं माझ्या हातातलं जळकं वांगं काढून घेतलं. मग म्हणाली,

"नाय वो. कच्चीच असते. पण गरम असते."