तांबड्या केसांची बाई आणि आमची भरपाई

छाती ठोकून सांगतो, आमच्या किनाऱ्यावर माझ्याइतका सावध मच्छीमार दुसरा झाला नाही! समुद्राने भल्याभल्यांना गिळलं, पण या फेस्टसला खरचटलंसुद्धा नाही. कारण एकच. बोटीकडे जाताना तांबड्या केसांची बाई दिसणं म्हणजे आमच्यात अपशकुन; ती दिसली की मी आल्या पावली घरी परत. मग सॅमन उड्या मारत दारात का येईना!

यंदा सरकारने सॅमनची मासेमारीच बंद केली. जाळी जमा करा, भरपाई घ्या! माझ्या बायकोने, डेलियाने, चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. म्हणाली, "आता वारा सुटला की खिडकीत उभं राहायला नको." शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत बोट जाळ्यासकट मोठ्या धक्क्यावर न्यायची, एवढंच काम उरलं होतं.

"चहा निवायच्या आत येतो!" असं म्हणून मी मेहुण्याला, मायलीला, घेऊन निघालो.

वळणावर मायली थबकला. "दाजी, मेलो!"

समोरून एक बाई फाइल बगलेत मारून येत होती. केस असे, की शेगडी पेटलीय! आम्ही गर्रकन वळलो.

"अहो, थांबा!" ती ओरडली. आम्ही कसले थांबतोय!

घरी येऊन बूट काढले, पुन्हा घातले आणि या खेपेला दलदलीच्या वाटेने निघालो. मायली कमरेपर्यंत चिखलात रुतला. तेवढ्यात वरून कुणीतरी मदतीचा हात दिला. तो धरून गडी अर्धा वर आला, मान वर करून बघतो तर तीच! हात सोडून पठ्ठ्या पुन्हा चिखलात!

"फेस्टस तुम्हीच ना? मी सरकारकडून जाळं तपासायला..."

पुढचं ऐकायला आम्ही होतो कुठे! मायलीला ओढून काढला आणि धूम ठोकली.

घरात शिरतोय तोच दारावर थाप! मायली मागच्या खिडकीतून निघाला आणि मधोमध अडकला. बाई मागच्या बाजूला येऊन बघते, तर खिडकीतून अर्धा मायली!

"काय लपवताय? जाळं विकून खाल्लंत ना?"

"नाही हो, बाईसाहेब!"

"मग डोळे का मिटलेत?"

"तुम्ही दिसू नये म्हणून!"

बाईसाहेब आणखीच तांबड्या झाल्या. "बाराच्या आत जाळं दिसलं नाही तर तुमचं नाव खोडते. भरपाई विसरा!"

डेलियाचा चेहरा पांढराफटक पडला. भरपाई नाही म्हणजे उद्यापासून पोटासाठी खेकडे धरायला जीवघेण्या खडकांत बोट घालायची. तिने हातातलं उलथनं माझ्यावर रोखलं.

"अरे शहाण्या, तू आज मासे धरायला निघालायस का?"

"नाही."

"सॅमन धरायला पुन्हा कधी जाणार आहेस?"

"कधीच नाही," म्हणालो आणि माझा मलाच उलगडा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच मी बोटीकडे निघालो होतो आणि समुद्राकडे माझं काही काम नव्हतं. वाईट वाटलं खरं. पण लगेच इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं!

मग काय! मायलीला खिडकीतून उपटला. एक पाय तर बाईसाहेबांनीच धरला. नंतर त्या आमच्याच बोटीत बसल्या. मायली सारखा क्रूसाची खूण करत होता, तरी बोट बुडाली नाही. चर्चची बाराची घंटा वाजत असताना आम्ही धक्क्याला दोर बांधला. जाळं जमा झालं, पावती हातात पडली.

संध्याकाळी वारा सुटला. मी शेकोटीपुढे पाय पसरून म्हणालो, "काही म्हण डेलिया, मला वाचवलं ते त्या प्रथेनेच. वादळाची पहाट असली की तुझी तांबडी मावसबहीण, सबीना, बरोबर आडवी यायची. देवाचाच इशारा!"

"देवाचा कसला? आदल्या दिवशी रेडिओवर वादळाची बातमी ऐकली की मीच तिला निरोप धाडायचे. बिचारी माझ्यासाठी पावसात उभी राहायची."

मी गारच पडलो. "फुकट?"

"फुकट कशी? दर खेपेला आपल्या पिंपातला एक खारवलेला सॅमन न्यायची की!"

मी कोपऱ्यातल्या मांजराकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यालाच चोर समजून शिव्या घालत होतो! लाजत लाजत माझ्या ताटातला सॅमनचा मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने हुंगला, नाक मुरडलं आणि तोंड फिरवून झोपून गेलं.