आजोबांचं अर्धवट जेवण आणि माझे दोन चाकू

दातेरी धार की साधी? हा प्रश्न ज्याने मला विचारला नाही असा माणूस अख्ख्या ओब्राकच्या पठारावर शोधून सापडायचा नाही! पठाराच्या पायथ्याशी आमचं गाव, गावात चाकूंचं दुकान, आणि दुकानात काउंटरमागे मी. नाव गास्पार. खिशात बाळगायच्या चाकूबद्दल मला जेवढं कळतं तेवढं स्वतःबद्दलही कळत नाही. गिऱ्हाईक आत आलं की मी आधी त्याचे हात बघतो, मग बूट बघतो, आणि निकाल देतो.

"दोर कापता? कडक पाव कापता? दातेरी घ्या. मांस, चीज, लाकूड? मग साधी. दगडावर घासली की पुन्हा नवी नवरी!"

लोक माना डोलावतात आणि चाकू घेऊन जातात. आजवर तक्रार घेऊन कुणी परत आलं नाही. एक जण आला होता, पण तो बोटाचे टाके दाखवायला. कौतुकाने.

त्यामुळे पठारावर गाई राखणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, क्लेमाँसने, मला रविवारी दुपारी जेवायला घरी बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "त्यात काय!"

"चाकू आण," ती म्हणाली. "एकच आण. साध्या धारेचा. आणि पप्पांच्या आधी मिटू नकोस."

पठारावरच्या जुन्या घरांत टेबलावर चाकू मांडत नाहीत. ज्याने त्याने आपापल्या खिशातला काढायचा, उघडायचा आणि जेवायचं. घरच्या कर्त्याने आपला चाकू मिटला, खट्, की जेवण संपलं. मग तुमच्या तोंडात घास असो की काट्याला मटण, उठायचं!

"तो गुरांचा डॉक्टर आठवतो ना?" क्लेमाँसने विचारलं.

तो कसा विसरेन? माझ्या आधी तिच्यासाठी तो जेवायला गेला होता. त्याने खिशातून दातेरी चाकू काढला. तेव्हा तिचे आजोबा जिवंत होते. त्यांनी चाकूकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं आणि म्हणाले, "ज्याला धार लावायचा कंटाळा, तो गाईंचं काय करणार?" आणि खट्! सूप चालू असताना! डॉक्टर उपाशी पोटी डोंगर उतरला. आता म्हणे समुद्रकाठच्या कुठल्याशा शहरात मांजरांना इंजेक्शनं देतो.

"चीज येईपर्यंत टिकलास की झालं," क्लेमाँस म्हणाली. "पप्पा चीजची पाटी तुझ्याकडे सरकवतील. तोच आमच्याकडे होकार."

"आणि नाही सरकवली तर?"

"तर मी काही गोठा सोडून खाली येणार नाही, गास्पार. तू मला आवडतोस. पण गाई आधीपासून आहेत."

झालं. शनिवारी संध्याकाळी मी पलंगावर दोन चाकू ठेवले आणि समोर बसलो. एक साधा, शिंगाच्या मुठीचा. एक दातेरी, काळ्या मुठीचा, पातं उघडलं की आतल्या खटक्यात पक्कं बसणारा. साधाच न्यायचा, ते ठरलेलंच होतं. पण पठारावरचा पाव! आठवड्यातून एकदा भाजतात. त्याचं कवच असं असतं की पडला तर फरशीला तडा जावा. साधं पातं त्यावरून घसरलं तर? होणाऱ्या सासऱ्यासमोर पाव हातातून निसटून सुपात पडला तर? जगाला सल्ले देणारा मी रात्रभर कूस बदलत राहिलो. एका कुशीला साधा, दुसऱ्या कुशीला दातेरी.

सकाळी मी ठाम निर्णय घेतला. दोन्ही घेतले. डाव्या खिशात साधा, उजव्या खिशात दातेरी.

पठारावर धुकं होतं. असं धुकं की गाडीचं नाक दिसत नव्हतं. मध्येच कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजायची, अगदी काचेला लागून, पण गाय काही दिसायची नाही. घर अचानक समोर उभं राहिलं. दार मी वाजवायच्या आधीच उघडलं.

"आत या. वाट बघतोय," क्लेमाँसची झेली आत्या म्हणाली. कोण वाट बघतंय ते काही सांगितलं नाही.

आत लांबलचक टेबल, त्यावर कुणा पणजीने विणलेल्या झालरीचा पांढरा टेबलक्लॉथ. टेबलाच्या एका टोकाला क्लेमाँसचे वडील, औगुस्ताँ काका. खांदे कपाटाएवढे, आणि बोलणंही साधारण कपाटाएवढंच. दुसऱ्या टोकाला एक रिकामी खुर्ची. तिच्यासमोर ताट मांडलेलं.

"अजून कुणी येणार आहे?" मी क्लेमाँसच्या कानात विचारलं.

"आजोबांची जागा आहे. मागच्या हिवाळ्यात इथेच गेले ते. जेवताना. मटण झालं होतं, चीज यायचं होतं."

"अरेरे."

"त्यांचा चाकू उघडाच राहिला," झेली आत्या सूप वाढता वाढता शांतपणे म्हणाली. "तिथे त्यांच्यासमोर, टेबलाच्या खणात आहे. तसाच, उघडा. कुणी मिटला नाही."

"का?"

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये शीळ घातली. "का म्हणजे? त्यांनी मिटला नाही म्हणजे त्यांचं जेवण संपलं नाही. दुसऱ्याचं जेवण कोण संपवणार?"

मी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकवलेली होती, कुणीतरी बसायला सोयीची अशी.

औगुस्ताँ काकांनी पाव छातीशी धरला, चाकूच्या टोकाने त्याच्या पाठीवर क्रूस काढला आणि प्रत्येकाला जाड तुकडा दिला. मी माझा साधा चाकू उघडला. काकांनी पात्यावर नजर टाकली. मान हलवली. पाव इंच असेल, पण हलवली! क्लेमाँसने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मी मनातल्या मनात लग्नाचा कोट शिवायला टाकला.

आणि पातं कवचावरून घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. तो पाव नव्हताच, कासव होतं! काका बघत होते. मी हसलो. हात मांडीवर घेतले, नॅपकिनच्या आडोशाने दातेरी काढून हळूच उघडला, आणि साधा घाईघाईने मिटला.

खट्!

चौघंही उठलो. म्हणजे ते तिघं उठले, म्हणून मीही उठलो. आत्याच्या हातात चमचा, चमच्यात सूप, सुपाचा एकही थेंब सांडलेला नाही. उभ्या जन्माची सवय! मग सगळ्यांनी काकांच्या ताटाकडे पाहिलं. काकांचा चाकू ताटाशेजारी होता. सताड उघडा.

भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं.

"औगुस्ताँ," आत्या कुजबुजली, "तू नाही मिटलास?"

"नाही."

चार माना एकदम रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. चौथी माझी. मला चांगलं माहीत होतं आवाज कुठून आला ते, तरी माझीही मान वळली. इतकं ते वातावरण दाट होतं, लोण्यासारखं!

खरं सांगावं तर आत्ताच, असं मला वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? "काका, घाबरू नका, मी नुसता मांडीवर दातेरी चाकू घेऊन बसलोय"?

"वारा असेल," काका म्हणाले आणि बसले. बाहेर धुकं भिंतीसारखं उभं होतं. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

नॅपकिनआड मी पाव कापला. काय कापला म्हणून सांगू! कुरकुर करत, सुरेख! पण तेवढ्यात सॉसेज आलं, आणि त्याच्यासोबत अलिगो, म्हणजे चीज घालून घोटलेला बटाटा, ज्याची तार आढ्यापर्यंत ओढली तरी तुटत नाही. सॉसेज तर ताटातच कापणार, सगळ्यांसमोर. म्हणजे पुन्हा साधा हवा! मी मांडीवर साधा उघडला, ताटाशेजारी ठेवला, आणि दुसऱ्या हाताने दातेरी मिटायला घेतला. हळू, अगदी हळू. पण तो खटक्याचा चाकू. त्याला हळू माहीतच नाही.

खटाक्!

पुन्हा सगळे उभे. आत्याच्या हातात अलिगोचा डाव, डावापासून पातेल्यापर्यंत पांढरी तार, आणि ती तार हवेत थरथरतेय.

"बाबांना हा मुलगा नकोय," आत्या म्हणाली.

"आत्या!" क्लेमाँस ओरडली.

"अगं, सुपात एकदा सांगितलं, आता पुन्हा सांगितलं! डॉक्टरला तर एकदाच सांगितलं होतं!"

काकांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून हलकेच विचारलं, "नको म्हणता?"

बस्स. मी दातेरी चाकू खिशात कोंबला आणि एक पाऊल मागे सरलो. आणि माझं ताट माझ्याकडे आलं.

मी बघत राहिलो. ताट थांबलं. मी आणखी एक पाऊल मागे सरलो. ताट आलं. त्याच्यामागे मिठाचं भांडं आलं. क्लेमाँसचं ताट आलं. सुपाचं भांडं जागेवरून हललं आणि डुलत डुलत निघालं, जत्रेतल्या पालखीसारखं!

"बाबा ओढतायत!" आत्याने डाव टाकला आणि किंचाळली. "बाबा, पणजीचा टेबलक्लॉथ आहे हो तो!"

मी जेवढा पळत होतो तेवढं जेवण माझ्या मागे येत होतं. मी भिंतीला टेकलो. सुपाचं भांडं टेबलाच्या काठावर येऊन थांबलं, जणू पुढे यावं की नाही याचा विचार करतंय. मीही ओरडत होतो. उगाच खोटं कशाला बोलू, आत्यापेक्षा मोठ्याने!

क्लेमाँस मात्र ओरडली नाही. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. खिशातून झालर बाहेर आली होती. टेबलापासून माझ्या खिशापर्यंत ताणलेली, पणजीच्या हातची झालर. चाकू मिटताना ती पात्यात आणि मुठीत सापडली होती, आणि दात्यांनी तिला विंचवासारखं धरून ठेवलं होतं.

"काढ," ती म्हणाली.

मी काढला. दातेरी चाकू झालरीच्या टोकाला झोके घेऊ लागला.

काका माझ्यापाशी आले. त्यांनी झालर सोडवली. चाकू उघडला, अंगठ्याने दाते चाचपले, मिटला. खटाक्! कुणी उठलं नाही, कारण सगळे उभेच होते.

"दोन्ही वेळा तूच?"

"हो, काका."

"पहिला तो, दुसरा हा?"

"हो."

"मी मनात माझ्या बापाची माफी मागितली," काका म्हणाले. "दोन्ही वेळा."

आता मला माझा डोंगर दिसायला लागला, उतरायचा. समुद्रकाठची मांजरं दिसायला लागली. काकांनी माझे दोन्ही चाकू उघडून माझ्या जागेसमोर शेजारी शेजारी ठेवले. ते स्वतःच्या खुर्चीत बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते! आवाज न करता, कपाट हलावं तसे.

"क्लेमाँस," ते म्हणाले, "चीज आण."

तिने पाटी आणली. काकांनी पाटीवर हात ठेवला आणि ती अर्धीच सरकवली. टेबलाच्या बरोबर मध्यावर थांबवली.

"दुकानात लोकांना सांगतोस ना कुठला घ्यावा ते? मग आता काप. एकानेच."

मी दातेरीकडे पाहिलं. साध्याकडे पाहिलं. क्लेमाँस छताकडे पाहत होती. मी साधा उचलला. चीज लोण्यासारखं कापलं गेलं, कणभर चुरा नाही, एक भेग नाही. पहिला तुकडा घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला द्यायची रीत. म्हणजे काकांना. हे मला पक्कं माहीत होतं. पण माझा हात काकांकडे गेलाच नाही. का, ते आजही सांगता येणार नाही. तो लांब गेला, टेबलाच्या टोकाला, आणि तुकडा रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटात ठेवून परत आला.

घड्याळ थांबल्यासारखं वाटलं.

टक्क.

हलकासा. जुन्या, मुरलेल्या स्प्रिंगचा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. माझे दोन्ही चाकू समोर उघडे. काकांचा उघडा. क्लेमाँसचा उघडा. आत्याचा उघडा.

काका उठले. चालत टेबलाच्या टोकाला गेले. खण ओढला.

आजोबांचा चाकू मिटलेला होता.

काकांनी बाहीने डोळे पुसले.

"झालं," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं जेवण झालं." आणि परत येऊन त्यांनी चीजची पाटी उरलेलं अर्धं अंतर माझ्याकडे सरकवली.

त्या दिवशी प्लमचा टार्ट होता. स्वयंपाकघरात दिसत होता, वरून साखर भुरभुरलेला. पण जेवण संपलं होतं. सगळे उठलो.

आमचं लग्न झालं. काकांनी लग्नात मला तोच चाकू दिला, आजोबांचा, साध्या धारेचा. मी जाणकार माणूस. घरी नेऊन स्प्रिंग तपासली. एकदम ताठ, दोन्ही अंगठे लावल्याशिवाय मिटत नाही! माझ्या ताटाशेजारी तो रोज उघडा असतो, आणि आजोबांना पुरे वाटलं की आपला आपण मिटतो. टक्क. की सगळं घर उभं.

आजोबांना गोड आवडायचं नाही, असं आत्या सांगते. लग्नाचा कोट मला आता दोन माणसांएवढा ढगळ होतो.

दुकानात लोक अजूनही विचारतात, दातेरी की साधा? मी म्हणतो, साधाच घ्या. पण नवा घ्या हो!