जिभाऊंची चक्की

आमच्या शेजारचे जिभाऊ सगळ्यांशी अहिराणी बोलतात. सरपंचाशी, डॉक्टरशी, पारावरच्या मारुतीशीसुद्धा. शुद्ध मराठी ते एकट्या कॉम्प्युटरशी बोलतात.

सकाळी बटण दाबलं की खुर्चीत नीट बसून म्हणतात, "या. आपली तब्येत कशी आहे?" पडद्यावर चुकीचा निरोप आला की म्हणतात, "आपलं म्हणणं माझ्या ध्यानात आलं नाही. कृपया पुन्हा सांगावं." आणि बंद करताना म्हणतात, "फार श्रम झाले. आता आपण विश्रांती घ्यावी."

मी एकदा भीत भीत विचारलं, असं का? तर म्हणाले, "हाफिसनी भाषा शे ती, मंगल. त्याले आपली काय समजाव? आन् नवा पाव्हनाशी एकदम लगट बरी नही."

जिभाऊ साखर कारखान्यात काट्यांवर नजर ठेवायच्या कामाला होते. वाफेचा काटा, पाण्याचा काटा. तेव्हापासून त्यांना सवय, काटा दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. ताप आला तरी थर्मामीटर लावल्याशिवाय आजारी पडत नाहीत. जेवताना भाजी तिखट आहे का विचारलं तर म्हणतात, "मोजाले काही शे का तुन्हाकडे?"

या माणसाची लग्नगाठ पडली इंदूआक्काशी. आक्का माझ्यापेक्षा एक यत्ता कमी शिकलेली, म्हणजे तिसरी. पण तिचीही एक मोजणी होती. रोज सकाळी ती गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायची आणि पाणी किती हातांवर आहे ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची. शेतात जाताना पुलाच्या खांबावर रंगवलेल्या रेघा बघून तापीचं पाणी कुठवर आलं तेही लिहायची. तेवीस वर्षं. आजारी असली की दोर मी सोडायची आणि आकडा तिला अंथरुणात सांगायची.

आक्काचं म्हणणं एकच होतं. नदी चढली की नवव्या दिवशी आपली विहीर चढते.

जिभाऊ हसायचे. "नदी इहिरले तार करस का? काय लिखस? नवव्या दिवशी ईसु, दार उघडं ठेव?"

आक्का म्हणायची, "तुम्हना काटाले इचारा."

"आठे काटा कोठे शे?"

"मंग गप बसा."

हे भांडण मी कुंपणापलीकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. ते मिटलं नाही. दोन वर्षांपूर्वी आक्का गेली, आणि ते अर्धंच राहिलं.

वर्षश्राद्ध झालं आणि जिभाऊंनी पेटीतून कॅलेंडरांच्या गुंडाळ्या काढल्या. त्यांची मुलगी वैशाली सुरतेला कॉम्प्युटरचंच काम करते. तिच्याकडून त्यांनी तिचा जुना कॉम्प्युटर मागवला. मला म्हणाले, "मंगल, ती खरी व्हती का मी, एकदाव निकाल लावना शे. तू आकडा वाच, मी टाकस."

सगळा हिवाळा मी आकडे वाचले. माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही, पण आकडे वाचायला कसली लाज. मी म्हणायची, "पाणी अकरा हात, नदी चार रेघा," आणि जिभाऊ एका बोटाने टाकायचे. एका चौकोनात आकड्याखाली लिहिलं होतं, 'आज हे जेवले नाहीत'. ते मी वाचलं नाही. जिभाऊंनी स्वतःच वाकून वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढला."

आकडे संपले. आता त्यांच्या पडद्यावर दोन रेघा काढायच्या, नदीची रेघ एकेक दिवस पुढे सरकवायची आणि विहिरीच्या रेघेवर कुठे नेमकी बसते ते बघायचं. वैशालीने हिशोबाचं सॉफ्टवेअर दिलं. पण रेघा जुळवायचा तुकडा वेगळा होता. तो कुणीतरी भल्या माणसाने लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला, आणि मशीनला तो जसाच्या तसा चालत नव्हता. त्याला कंपायलर लागतो म्हणे.

कंपायलर म्हणजे काय, हे मला जिभाऊंनी ओट्यावर बसून समजावलं. "गहू तसाच खातस का? दयना पडस. माणूस लिखस तो गहू. मशीन फक्त पीठ खास. कंपायलर म्हणजे चक्की."

कुठल्या देशातल्या कुणा माणसाने लिहून ठेवलेला गहू, तो आमच्या गल्लीत दळला जाणार, आणि त्यातून आक्काच्या दोराच्या गाठी बोलणार. त्या दिवशी भाकरी थापताना माझ्या हातातलं पीठ मी उगाच दोनदा बघितलं.

चक्की बसवायच्या दिवशी जिभाऊ इस्त्रीचा सदरा घालून बसले. दाराला पाटी लावली, 'इन्स्टॉल चालू आहे. हाक मारू नये.' मला मिक्सर लावू दिला नाही, वीज डगमगते म्हणून. मी ठेचा पाट्यावर वाटला. पलीकडच्या गल्लीतल्या दोघी पाटी वाचून चपला काढून आत आल्या आणि मला विचारू लागल्या, "कसानी पूजा शे वं? परसाद कवय भेटी?"

चक्की आली, बसली. पण सॉफ्टवेअर म्हणे, चक्की सापडत नाही.

"आपल्या समोरच आहे," जिभाऊ त्याला म्हणाले. "जरा नीट पाहावं."

नऊ वेळा बसवली, नऊ वेळा काढली. प्रत्येक चुकीचा निरोप ते वहीत अक्षर अक्षर उतरवायचे, डिक्शनरीत बघायचे, खाली मराठीत अर्थ लिहायचे. वही भरली, दुसरी आणली. आवाज चढला नाही की 'आपण' सुटलं नाही. मी एवढा धीर माणसाशी धरताना कुणाला बघितलेलं नाही, खुद्द जिभाऊंनाही नाही.

शेवटी वैशालीने फोनवरून सगळं तपासलं. फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मीही ऐकलं.

"आबा, कॉम्प्युटरवरला खाताले नाव काय दिधं तुम्ही? ते मराठी अक्षरमा शे. चक्की त्या नावना आत बठेल शे. सॉफ्टवेअरले ती वाट वाचता येत नही. नवं खातं उघडा, इंग्रजी नाव टाका, जुनं खोडी टाका. दहा मिनिटनं काम शे."

जिभाऊ म्हणाले, "दखसु." फोन ठेवला. कॉम्प्युटर बंद केला. विश्रांती घ्या, असंही म्हणाले नाहीत.

चार दिवस त्यांनी तो उघडला नाही. पाचव्या दिवशी मी भाजी घेऊन गेले, तर कापड घालून तसाच. मी नुसती उभी राहिले. मला विचारता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. तेच बोलले.

"पहिल्या दिवशी त्यानी नाव इचारं. घरमा नवी वस्तू उनी की तिनावर घरधनीननं नाव पडस. मी तिनंच टाकं. आते म्हनस खोडा. भांडावरनं नाव कोनी खोडस का, मंगल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळं इंग्रजी येतं, मला वाचता येणारा एकच शब्द असतो. रोज सकाळी मी तो वाचत होते आणि मला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. त्यांच्या घरातल्या तांब्यावर, परातीवर, कळशीवर तोच आहे. इंदू.

मला काय धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "जिभाऊ, चक्की घरमा कोन ठेवस? तिले ओटावर बठाडा ना. घरवरनं नाव घरवर राहू द्या."

जिभाऊंनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. मग वैशालीला फोन लावला. ती म्हणाली, "व्हई जाई. नावना बाहेर, उघड्यावर ठेवू. पीठ पडानी परातबी बाहेर मांडनी पडी. हाई माले का नही सुचनं?" ती बोलत गेली, जिभाऊ टाकत गेले. मी पदर तोंडाला लावून बसले होते. मशीनवर काळ्या पडद्यावर ओळीच ओळी धावल्या, आणि थांबल्या. चक्की सापडली होती.

दुपारी निकाल आला. नदीची रेघ सरकत सरकत विहिरीच्या रेघेवर अशी बसली, जशी लुगड्याची घडी घडीवर बसते. तेवीस वर्षांचे दोर त्या एका रेघेत होते.

जिभाऊंनी वाकून आकडा बघितला. "आठ," ते म्हणाले. "नऊ नही. आठ."

म्हणजे ते जिंकले होते. जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते वही मिटायला लागले.

मी म्हटलं, "आक्का पहिला दिवस धरीसन मोजे, जिभाऊ. बायतीनना दिवस मोजतस तसं, पोर जनमनं तो एक. नदी चढनी तो एक."

त्यांनी बोटावर मोजलं. एकदा, आणि पुन्हा. मग खुर्ची पुढे ओढून ते कॉम्प्युटरसमोर बसले, कितीतरी वेळ. मी भाजीचं भांडं घेऊन दाराशी आले, तेव्हा ते बंद करायचं बटण शोधत होते. मी थांबले, विश्रांतीचं वाक्य ऐकायला.

"जिकनी ना तू," ते म्हणाले. "पड आते जरासी."