गौरीचं कच्चं दूध

"आमच्या गौरीच्या दुधाजवळ जंतू फिरकत नाही, सर," असं चंदनानं बेळगावच्या कॉलेजात नागेंद्र सरांना छातीठोकपणे सांगून टाकलं. गौरी म्हणजे तिच्या सासरची, निपाणीजवळच्या गोठ्यातली म्हैस.

चंदनाचा एमएस्सीचा प्रकल्प तसा साधा होता. कच्च्या दुधातली काही प्रथिनं जंतूंना वाढू देत नाहीत, आणि दूध उकळलं की त्यांची ताकद जाते. जंतू पसरवलेल्या काचेच्या बशीवर कच्च्या आणि उकळलेल्या दुधाचे थेंब टाकायचे. कच्च्याभोवती स्वच्छ कडं पडलं की पास. नाही पडलं तर लग्नानंतर हट्टानं मिळवलेलं शिक्षणाचं वर्ष पाण्यात.

तिनं संध्याकाळच्या धारेचं दूध एका बाटलीत कच्चं, दुसरीत उकळून भरलं, फ्रिजात ठेवलं आणि सकाळी बेळगाव गाठलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही थेंबांभोवती जंतू सुखानं नांदत होते.

"म्हैस बदला," सर म्हणाले.

हे घरी सांगायची सोय नव्हती. सासूबाईंचा, राजश्रीबाईंचा, गौरीवर पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव. चंदनानं दोष फ्रिजवर ढकलला आणि पुढच्या वेळी कच्च्या दुधाची बाटली शेजारच्या जयाबाईंच्या फ्रिजात ठेवली. पुन्हा तेच. आता सरांनी शेवटची संधी दिली.

रडवेली चंदना जयाबाईंच्या दारात गेली. सासूबाई तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काकू, तुमचा फ्रिज नीट चालतोय न्हवं?"

"चालतोय की. पर तुझं दूध कच्चंच ऱ्हायलं होतं बघ. मीच तापवून, गार करून परत बाटलीत भरलं. इसरली असशील म्हटलं."

चंदना सासूबाईंकडं वळली. सासूबाई शेंगांत भलत्याच गुंतल्या होत्या.

"आत्ती, पयल्यांदा तुमी?"

"मग काय करू? धार काढल्यावर दोन घटकांच्या आत दूध तापवलं न्हाई तर त्यात जीव पडत्यात. जैनाच्या घरात रातभर कच्चं दूध ठिवायचं? तुला बोलून दुखवायचं न्हवतं, म्हणून गुपचूप केलं."

रागवावं तरी कुणावर? चंदनाच्या माहेरीही हाच नियम होता.

"आत्ती, या खेपेला जमलं न्हाई तर वर्ष जातंय माझं."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "जाऊ द्यायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः धार काढली, बाटली बर्फात घातली आणि गोठ्याच्या दारातच लेकाच्या, श्रेयसच्या, गाडीला बांधली. दूध घराचा उंबरा चढलंच नाही, त्यामुळं घराचा नियमही मोडला नाही. चंदनानं नवऱ्याला वाटेत काकतीला चहासाठीसुद्धा थांबू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"आत्ती, कडं पडलं! पास झाले मी."

"लई बेस झालं बाई. आनि ते जंतू? मेले?"

"मेले की."

"किती?"

आनंदाच्या भरात चंदना बोलून गेली, "मोजायची सोय न्हाई. लाखो असतील."

पलीकडून णमोकार मंत्र पुटपुटल्याचा आवाज आला.

"शिरा करून ठिवते. आलीस की पोटभर खा."

"आनि तुमी?"

"माझा आज उपास. लाखो म्हणालीस न्हवं? मग उद्याबी."